बादलीवरचा ठराव

विषयपत्रिकेवरचा सहावा विषय असा होता: "आस्गरच्या मृत्यूस बोडिलच्या शेडमधील बादली कारणीभूत आहे, असे हे मंडळ मानते. सूचक: मोगेन्स. अनुमोदक: बोडिल."

विबेके काकूने तो तीनदा टाइप केला होता. पहिल्या खेपेला 'मृत्यूस'च्या जागी 'निधनास' होतं, ते मोगेन्स काकाला फार मऊ वाटलं. दुसऱ्या खेपेला 'बोडिलच्या हेरिंगची बादली' असं होतं. त्यावर बोडिल आत्याचाच फोन आला, की हेरिंगचा यात काही दोष नाही, दोष बादलीचा आहे आणि बादली माझी आहे, तेव्हा मासे मधे आणू नका. तिसऱ्यांदा कागद काढून देताना काकू नवऱ्याला म्हणाली, आता स्वल्पविराम जरी हलवलास तरी तूच टाइप कर.

पणजोबा डिट्लेव्ह यांनी होडीच्या भांडणानंतर हे कुटुंब-मंडळ काढलं. ते आणि त्यांचा भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण सभेची लेखी सूचना आली की जायलाच हवं, एवढं दोघांनाही मान्य होतं. आमच्या भागात तीन माणसं जमली की मंडळ होतं आणि चौथं आलं की विरोधी पक्ष. घरात जे बोलता येत नाही ते विषयपत्रिकेवर घालता येतं. एकदा घातलं की त्यावर रडायचं नसतं, हात वर करायचा असतो.

त्यामुळे जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी अकराला, गावच्या सभागृहात, आस्गरला, म्हणजे माझ्या बाबांना, जाऊन चौदा महिने झाले असताना आम्ही सगळे चांगले कपडे घालून बसलो होतो.

बाबा सुरुंग काढणाऱ्या तुकडीत सार्जंट होते. एकोणपन्नासाव्या वर्षी हेल्मंडच्या लढाईवर जायची त्यांना गरज नव्हती, ते सैन्याच्या शाळेत नव्या पोरांना शिकवत होते. पण आपण शिकवलेली पोरं तिकडे आणि आपण इकडे फळ्यापाशी, हे त्यांना जमेना. ते गेल्यानंतर आम्हाला ओळीने चार अहवाल आले. पहिल्यात दोष एका कलिंगडवाल्याचा होता, कारण त्याची गाडी त्या कोपऱ्यावर उभी असायची. तो पाच महिने तुरुंगात होता. मग असं निघालं की त्या दिवशी तो बहिणीच्या लग्नात होता आणि दोनशे माणसांनी त्याला नाचताना पाहिलं होतं. दुसऱ्या अहवालात दोष शेजारच्या देशाचा होता, कारण इतकं हुशारीचं काम इथल्या शेतकऱ्यांना सुचणं शक्य नाही. तिसऱ्यात धातूशोधकाच्या बॅटऱ्यांचा. बाबांनी त्या वेळी यंत्र पाठीवर अडकवलेलं होतं, त्यामुळे तोही बारगळला. चौथ्या अहवालात दोष कोणाचाच नव्हता. फक्त एक फोटो होता. पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर निळ्या माशाचं अर्धं चित्र.

तो मासा आमचा. आत्याच्या शेडमध्ये हेरिंग मुरतं आणि त्याच माशाच्या छापाच्या बादल्यांतून विकलं जातं. बाबा तिकडे होते तोवर ती दर महिन्याला दोन बादल्या छावणीत पाठवायची.

ईस्टरच्या जेवणात काकाने तो फोटो भिंगातून पाहिला, भिंग लोण्यावर ठेवलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कारण आलं. आत्याने भांडण केलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने शेड बंद केली. काकाला म्हणाली, "हे सभेपुढे ठेव. सभेने म्हटलं तर मी घेईन अंगावर." ठराव झाला तर शेडची किल्ली मंडळाकडे देऊन ती फेरो बेटांवर जाणार होती. तिथे तिची शाळेतली एक मैत्रीण मेंढ्या पाळते. हे नुसतं बोलणं नव्हतं. सभागृहाबाहेर तिची गाडी उभी होती आणि जून महिन्यात मागच्या सीटवर तिचे तिन्ही हिवाळी कोट होते.

मला एक मत होतं. बाबांना परत आणणारा कुठलाच ठराव नव्हता, पण आत्याला हात वर करून घालवून देणारा एक समोर छापलेला होता. मला तो पडायला हवा होता.

पहिला विषय, सभाध्यक्षाची निवड. काकाने माझ्या आईचं नाव सुचवलं. आई आणि बाबा नऊ वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हा मंडळाच्या घटनेप्रमाणे आईचं मत गेलं, बोलण्याचा आणि कॉफीचा हक्क मात्र राहिला. ती दर वर्षी ऑलबोर्गहून येते आणि दोन्ही हक्क बजावते.

"मेरेटे तटस्थ आहे," काका सभेला म्हणाला. "तिने त्याला आधीच सोडलं होतं."

आईने चष्मा लावला, निवडीबद्दल आभार मानले आणि इतिवृत्तात 'सोडलं' हा शब्द नको, एवढं सांगून गणपूर्ती मोजली. मतदार सात. गुड्रून आजी, मोगेन्स काका, विबेके काकू, बोडिल आत्या, मी, आणि बाबांचे चुलतभाऊ नील्स आणि पेडर. हे दोघे अविवाहित भाऊ फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या, पलीकडे राहतात, वाम मासे धरतात आणि वर्षातून या एका दिवशी टाय बांधतात. त्यांच्यात टाय दोन असले तरी मत नेहमी एकच असतं.

दुसऱ्या ते पाचव्या विषयांत ध्वजाची दोरी बदलल्याची नोंद झाली आणि आजोबांच्या थडग्याभोवतीच्या कुंपणावर पंचवीस मिनिटं चर्चा झाली. जेवण मागच्या टेबलावर मांडून ठेवलं होतं. राय ब्रेड, अंडी, मुळे, काकडी, बटाटे, चीज. हेरिंग नव्हतं. आमच्याकडे जेवण हेरिंगनेच सुरू होतं आणि स्नॅप्सच्या दारूचा पहिला पेला त्याच्याबरोबरच उचलायचा असतो. त्यामुळे नील्स आणि पेडर मधून मधून त्या टेबलाकडे पाहत होते, आणि आज सुरुवात कुठून करायची या काळजीने त्यांचं कुंपणाकडे लक्ष लागत नव्हतं.

सहाव्या विषयासाठी कॅप्टन रोल्स्टेड आले होते. सैन्यातर्फे आमच्या घराशी बोलायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि एके काळी ते बाबांच्या वर्गात बसलेले. चौतिशीचा माणूस, पण लवकर लाल व्हायचा. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्र आणलं होतं. सभागृहाच्या भिंतीला मात्र वरपासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्यांचा कागद, त्यामुळे हेल्मंडचा नकाशा तुरुंगातल्यासारखा दिसायला लागला. टेबलक्लॉथ धरून पाहिला, तर नदीच्या जागी नेमका मागच्या वर्षीच्या बिटाचा डाग आला. शेवटी आजी म्हणाली, "जेवणावरच दाखवा ना. नाहीतरी ते थांबलंच आहे."

कॅप्टननी परवानगी मागितली, आईने ती दिली, आणि आम्ही सगळे खुर्च्या घेऊन जेवणाच्या टेबलाभोवती गेलो. राय ब्रेडच्या दोन लाद्या आडव्या ठेवून त्यांनी गल्लीच्या भिंती केल्या. मुळे म्हणजे तुकडी. मोहरीची बरणी उपडी ठेवली, ती बादली. बाबांसाठी त्यांनी काकडीचा काप उचलला. तो ठेवायला जागा शोधत होते, तेवढ्यात आत्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि एक उकडलेलं अंडं दिलं. कारण विचारायचं कोणाला सुचलं नाही.

कॅप्टन हळूहळू सांगत गेले. सुरुवातीला ते लोक जुने रशियन तोफगोळे पुरायचे. लोखंडच लोखंड. आम्ही धातूशोधक आणले, तर त्यांनी लाकूड आणि प्लास्टिक वापरायला सुरुवात केली. आम्ही कुत्री आणली, तर ते भिंतीकडेने मिरपूड टाकत गेले. आम्ही रस्ते सोडून शेतांतून चालायला लागलो, तर ते शेतांच्या बांधांवर आले. प्रत्येक वेळी आम्हाला वाटायचं की आता जमलं, आणि तीन-चार आठवडे खरंच जमायचं. मग एक दिवस त्यांनी लपवणंच सोडलं. गल्लीच्या मधोमध एक पातेलं दिसायचं. कधी एकच बूट. हे त्यांना कोणी शिकवलं याचा शोध घ्यायला आमच्याकडे एक वेगळी समिती होती, असं कॅप्टन म्हणाले.

"कशाला शिकवायला हवं?" आजी म्हणाली.

तिने चाळीस वर्षं फ्योर्डमध्ये वामांची जाळी लावली आहेत. ती काठी टेकत पुढे आली आणि डोकं वाकवून त्या ब्रेडच्या गल्लीकडे तशीच पाहू लागली, जशी पहाटेच्या पाण्याकडे पाहायची.

"वाम असते तिथे जाळं लावत नाहीत," ती म्हणाली. "तिथून ती निघून गेलेली असते. वाम जिथे वळते तिथे लावतात." तिने मोहरीच्या बरणीकडे बोट केलं. "ही दिसली की तो पुढे जायचा नाही. माझा मुलगा आहे, मूर्ख नाही. तो मागे येईल." तिने अंडं उचललं आणि ब्रेडच्या कोपऱ्यामागे ठेवलं. "इथे. आडोसा इथेच आहे. मी असते तर इथे पुरलं असतं."

नील्स म्हणाला, बरोबर आहे. पेडर म्हणाला, हातभर अलीकडे, पण बरोबर आहे.

कॅप्टनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. "आम्हाला हे कळायला तीन वर्षं लागली," ते म्हणाले.

"तुम्ही मासे धरत नसाल," आजी म्हणाली.

मग उरलेलं त्यांनी भराभर सांगून टाकलं. बादली रिकामी होती. त्यात काही भरलेलं नव्हतं, तिच्याखाली काही नव्हतं. स्फोट झाला तो आठ पावलं मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, आणि त्याच्या दणक्याने बादली फुटली. छावणीबाहेरच्या उकिरड्यावरून उचलून ती तिथे फक्त दिसावी म्हणून ठेवली होती. तिच्या जागी काहीही चाललं असतं. आदल्या आठवड्यात किटली होती.

"पण आठच पावलं मागे येणार हे त्यांना कसं कळलं?" काकाने विचारलं. तो निवृत्त मुख्याध्यापक आहे, उत्तर अर्धं राहिलेलं त्याला चालत नाही.

कॅप्टन म्हणाले, तसा नियमच होता. संशयास्पद वस्तू दिसली की आठ पावलं मागे, आडोशाला, एक गुडघा टेकून पाहायचं. पुस्तिकेत आहे. आमच्याकडे बघत बघत त्या लोकांना ती पुस्तिका न वाचताच पाठ झाली होती.

"पुस्तिका कोणी लिहिली?"

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं. ती पुस्तिका कित्येक वर्षं आमच्या न्हाणीघरात टॉवेलांच्या फळीवर पडलेली असायची, आणि आठव्या पानावरची आकृती बाबांनी माझ्या शाळेच्या रंगीत पेन्सिलींनी काढली होती.

"सार्जंटनीच," कॅप्टन म्हणाले.

मग पेडरने हात वर केला. तो वाईट माणूस नाही, पण त्याला विषय अर्धवट राहिलेले आवडत नाहीत आणि भूक लागली होती. त्याने उपसूचना मांडली, की ठरावातले 'बोडिलच्या शेडमधील बादली' हे शब्द गाळून त्या जागी 'आस्गर स्वतः' हे शब्द घालावेत. नील्सने अनुमोदन दिलं.

आई अध्यक्षाच्या खुर्चीत नव्हती, ती चीजपाशी उभी होती. तिने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. नऊ वर्षं ती त्या माणसाला मनातल्या मनात दोष देत आली होती. उशिरा घरी येणं, परत परत जाणं, जेवताना दाराकडे तोंड करून बसणं, याची तिच्याकडे स्वतःची मोठी विषयपत्रिका होती. पण तिच्या यादीतलं काहीही दुसऱ्या कोणी मांडलेलं तिला चालणार नव्हतं, हे तिला त्या क्षणी कळलं. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

"उपसूचना नियमात बसते का?" तिने काकाला विचारलं. घटनेची वही काकाकडे असते.

काकाने पानं उलटली. सभासदत्व मृत्यूने संपतं. आणि नियम चार: मंडळाला फक्त आपल्या सभासदांविषयी ठराव करता येतो. "बसत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता.

मी हात वर केला. "आणि ज्याने ते पुरलं, तो?"

काकाने खरंच पुन्हा नियम चार काढून पाहिला. "तोही सभासद नाही, थीरा," तो म्हणाला.

कलिंगडवाला सभासद नव्हता. शेजारचा देश नव्हता, बॅटऱ्या नव्हत्या. त्या सगळ्या युद्धात दोष देता येतील अशी फक्त सात माणसं होती, आणि ती सातही या टेबलाभोवती भुकेली उभी होती.

काका त्या अंड्याकडे पाहत होता. ईस्टरपासून त्याला झोप लागत होती, असं विबेके काकू म्हणते. त्याआधी वर्षभर तो पहाटे उठून गॅरेजमधली हत्यारं लावायचा, मोडायचा, परत लावायचा. बादली सापडली आणि तो थांबला. बहिणीचं वाईट त्याला करायचं नव्हतं. त्याला फक्त एक वाक्य हवं होतं, ज्यात क्रियापद असेल आणि शेवटी पूर्णविराम. आता ते वाक्य त्याच्या डोळ्यांसमोर आठ पावलं मागे सरकलं होतं.

"सूचक ठराव मागे घेत आहे," तो म्हणाला.

मी श्वास सोडला. नील्सचा हात ब्रेडकडे निघाला.

"मग मी मांडते," बोडिल आत्या म्हणाली.

आमच्या घटनेत तशी सोय आहे. मागे घेतलेला ठराव दुसऱ्या सभासदाला उचलता येतो. होडीच्या भांडणापायी पणजोबांनी ती स्वतःसाठी करून घेतली होती.

"बोडिल, बादली रिकामी होती," काका म्हणाला.

"मला ऐकू आलं."

"मग तुझा काय संबंध? तिथे किटलीही चालली असती."

"तेच तर."

"काय तेच तर?"

"तेच तर नको आहे मला." ती ओरडली नाही. आत्या कधीच ओरडत नाही. शेडमधल्या यंत्राच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ती सगळं सावकाश आणि स्पष्ट बोलते. "तुझ्याकडे त्याची पत्रं आहेत, मोगेन्स. तुला लिहायचा तो. थीराकडे त्याचा चेहरा आहे. मेरेटेकडे निदान घटस्फोट आहे. आईकडे तर तो सगळाच आहे. माझ्याकडे ही एक बादली आहे. आणि तू आता म्हणतोस, तिथे किटलीही चालली असती."

"अगं, मी तुला सोडवतोय!"

"मला सोडवून घ्यायचं नाही."

दोन महिने तिच्यावर बोट रोखून असलेला काका आता तिचा वकील झाला. तो बोलत राहिला. प्लास्टिकचं वजन, स्फोटाची दिशा, सगळं. आत्या एकेक मुद्दा खोडत गेली. बादली दिसली नसती तर तो थांबला नसता, हे तुम्हीच म्हणालात ना, कॅप्टन? कॅप्टन म्हणाले, तसं तांत्रिकदृष्ट्या म्हणता येईल, पण. आत्या म्हणाली, पण नको, एवढंच लिहून घ्या. आरोपीला इतकी तयारी करून आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नील्स आणि पेडर मान हलवत ऐकत होते, आणि त्यांचं एकमेव मत हळूहळू तिच्या बाजूला झुकताना दिसत होतं.

आईने मतदान पुकारलं. विरोधात तीन हात: काका, आजी, मी. ठरावाच्या बाजूने आत्या, नील्स, पेडर. राहिली विबेके काकू. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. आपल्याला काय वाटतं हे तिला या घरात तीस वर्षांत फारसं कोणी विचारलेलं नाही, आणि ती ते सांगायला कधी थांबलेलीही नाही.

"मी तीनदा टाइप केलाय," ती म्हणाली, आणि हात वर केला.

पुढे कधीतरी ती मला म्हणाली, की खरं कारण ते नव्हतं. एखादी बाई इतक्या कळवळून काही मागत असताना नाही कसं म्हणायचं.

चार विरुद्ध तीन. आईने दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा इतकं सावकाश, की कोणाचा तरी हात दुखून खाली येईल अशी तिची आशा असावी. कोणाचाच आला नाही. ठराव मंजूर झाला. आत्याने इतिवृत्तावर सही केली, शेडची किल्ली काकडीच्या बशीजवळ ठेवली आणि पर्स घेतली. तिचा चेहरा शांत होता, जरासा सुखीसुद्धा. मी तिच्यावर त्या क्षणी जितकी रागावले तितकी त्या न पाहिलेल्या, सभासद नसलेल्या माणसावरही कधी रागावले नव्हते.

"बस, बोडिल," आई म्हणाली. "सातवा विषय राहिलाय."

सातवा विषय म्हणजे ऐनवेळचे विषय. त्यात कोणीही काहीही बोलू शकतं, पण त्यावर काही ठरवता येत नाही. एरवी त्यात पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या याबद्दल तक्रारी होतात. आत्या पर्स मांडीवर घेऊन बसली. नियम तिलाही पाळायचे होते.

आजीने काठी वर केली.

"त्या माणसाबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. "जो सभासद नाही."

काकाने वही उघडली आणि मिटली. ऐनवेळच्या विषयांत चालतं.

"तो किती दिवस बघत असेल आस्गरकडे?"

कॅप्टन म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण कोपऱ्यात जागा जितकी नेमकी निवडली होती त्यावरून तीन आठवडे तरी. कदाचित समोरच्या गच्चीवरून. कदाचित रोज.

"तीन आठवडे रोज," आजी म्हणाली. "तो कुठला गुडघा टेकायचा, हे त्याला ठाऊक असेल. डावा ना?"

"डावा," कॅप्टन म्हणाले. "अहवालात आहे. पण मी ते तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"सहा वर्षांचा असताना बर्फावर उजवा फुटला होता. तेव्हापासून डावाच. चर्चमध्येसुद्धा. मेरेटे, तुला माहीत होतं?"

"नाही," आई म्हणाली.

"कोणालाच नव्हतं. मला होतं, आणि त्याला." आजीने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "मला त्याला शिव्या द्यायच्या आहेत. रोज देते, फ्योर्डवर उभी राहून, तोंड तिकडे करून. दिशा बरोबर आहे की नाही कोण जाणे. पण शिव्या झाल्या की विचारावंसं वाटतं. शेवटचे तीन आठवडे त्याला नीट पाहिलेला तो एकटाच आहे. म्हणावं, कसा दिसत होता माझा मुलगा? वाळला होता का?"

त्यावर हात वर करण्यासारखं काही नव्हतं.

मग आत्याने विचारलं, "खात तरी होता का?" तिने ते कॅप्टनना विचारलं, पण पाहत टेबलक्लॉथकडे होती. "हेरिंग मिळायचं का त्याला?"

कॅप्टन पुन्हा लाल झाले. हा माणूस खोटं बोलायला शिकलेला नव्हता. बाबांच्या वर्गात तो विषय नसावा. "सार्जंट हेरिंग खायचे नाहीत," ते म्हणाले. "त्यांना लहानपणापासून आवडत नाही म्हणायचे. घरी सांगता आलं नाही कधी. आम्हाला वाटून टाकायचे."

आत्याने मान वर केली.

"एक बादली मात्र कोणाला द्यायचे नाहीत," कॅप्टन म्हणाले. "तीत मोजे धुवायचे. म्हणायचे, साबण न घालताही स्वच्छ निघतात, बहिणीची बादली आहे. वास यायचा खरं म्हणजे. आम्ही सगळे त्यांच्यापासून जरा लांब झोपायचो."

आत्याच्या घशातून एक आवाज आला. ती हसली होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि तिलाही ते पटलं नाही, कारण तिने लगेच पर्सचा पट्टा घट्ट धरला. "एकोणपन्नास वर्षं," ती म्हणाली. "एकोणपन्नास वर्षं माझ्यासमोर गिळत होता गाढव." काकाने तोंडावर हात ठेवला होता. त्याचे खांदे हलत होते, आणि ते कशामुळे हे मी तपासलं नाही.

बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "आणखी कोणाला काही बोलायचंय?"

कोणाला नव्हतं. आता अध्यक्षाने सभा संपल्याचं जाहीर करायचं, की त्या दिवशीचे ठराव अंमलात येतात. आत्या उठून उभी राहिली.

आईने चीजवरचं झाकण काढलं.

"मेरेटे," आत्या म्हणाली, "सभा संपव."

"नाही."

"ठराव झालाय."

"झालाय. सभा संपली की लागू होईल." आईने सुरी घेतली. "मला या घरात मत नाही, बोडिल. नऊ वर्षं नाही. पण सभा कधी संपली हे सांगायचा अधिकार आज फक्त माझा आहे, आणि मी ते सांगत नाही."

आत्याने काकाकडे पाहिलं. काकाने घटनेची वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एकतीस सालापासूनची सगळी पानं, दुरुस्त्यांसकट, बोट ठेवून. तो इतका हळू वाचत नाही. आम्ही उभे होतो. नील्सने तेवढ्यात मुळ्यांची तुकडी खाऊन टाकली.

"सभा किती वेळ चालावी याची मुदत कुठेही लिहिलेली नाही," काका शेवटी म्हणाला. "आणि चालू सभेतून सभासदाला जाता येत नाही. नियम नऊ."

आत्या उभीच होती. तिच्याकडे एक मंजूर ठराव होता, सही होती, चार मतं होती. तिने दाराकडे पाहिलं, मग आईकडे. आई बटाट्यांच्या भांड्यात डाव घालत होती.

पेडरने शेजारची खुर्ची मागे ओढली. "मग आता काय?" त्याने आत्याला विचारलं.

आत्या बसली. पर्स तिने जमिनीवर ठेवली.

"आता काय," ती म्हणाली. "सभा चालू आहे. बटाटे इकडे दे."